काकू ६१ च्या, मशीन म्हणतं ७४

“जिममध्ये टेस्ट केली, रिपोर्ट सगळा लाल आलाय. आता काय करू?” मी फिटनेसच्या टेस्ट घेते, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे आठवड्यातून एकदा तरी येतोच. विचारणारे वेगवेगळे, कागद मात्र एकाच छापाचे. वर माणसाची आकृती, खाली रंगीत पट्ट्या आणि कोपऱ्यात ठळक अक्षरांत ‘बॉडी एज’. तो एक आकडा दिसला की बाकीचा कागद कुणी वाचत नाही.

काकूंचा कागद ऑर्डरच्या वहीत घडी घालून ठेवलेला होता. उलगडला तर मधोमध तेलाचा डाग. (नाव सांगत नाही, ओळख पटेल असे एकदोन तपशीलही बदललेत. काकूंना विचारूनच लिहितेय.) वय ६१, पुण्यात स्वतःचं पोळीभाजी केंद्र, मदतीला दोन बायका, रोज सकाळी अडीचशेच्या आसपास पोळ्या. मुलानं वाढदिवसाला जिमची मेंबरशिप दिली आणि पहिल्याच दिवशी तिथल्या पोरानं काकूंना मशीनवर उभं केलं. बॉडी एज ७४, लाल. चरबी ३८ टक्के, लाल. स्नायू कमी, लाल. मग तीन मिनिटं एका पायरीवर चढ-उतर करायला लावून नाडी मोजली. तेवढं एक हिरवं आलं, ‘एक्सलंट’.

बोलत होता तो मुलगाच. काकू नुसत्या पर्सची चेन उघडझाक करत बसल्या होत्या. मी मुलाला म्हटलं, खाली चहा बरा मिळतो, पिऊन ये. तो गेल्यावर जरा वेळानं काकू म्हणाल्या, “मॅडम, आमच्या सासूबाई ७४ व्या वर्षी अंथरुणाला खिळल्या. पाच वर्षं मी केलं त्यांचं. माझं कोण करणार?”

जिममधल्या पोराला यातलं काय ठाऊक असणार! पण म्हणूनच आकड्यांना हात लावायच्या आधी समोरच्याला बोलतं करावं लागतं. हे मला उशिरा कळलं. नवीन होते तेव्हा चाळिशीतल्या एका गृहस्थांना मी उत्साहानं सांगितलं होतं, “तुमचा दमसास विसाव्या पर्सेंटाइलवर आहे.” ते म्हणाले, “म्हणजे शंभरात वीस. नापास.” मी हसून पुढच्या टेस्टकडे वळले. पर्सेंटाइल म्हणजे मार्क नव्हेत, त्यांच्या वयाच्या शंभर पुरुषांपैकी वीसजण त्यांच्या मागे आणि बाकीचे पुढे आहेत एवढाच त्याचा अर्थ, हे सांगायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. ते परत आले नाहीत. तेव्हापासून निकाल सांगणं हा टेस्टचाच भाग आहे असं मी धरून चालते, आणि त्यासाठी टेस्टइतकाच वेळ राखून ठेवते.

काकूंना विचारलं, “सध्या काय करताना अडतं?” त्यावर मात्र त्या भरभर बोलल्या. देवापुढं खाली बसलं तर उठताना कशाला तरी धरावं लागतं. रिक्षात चढताना गुडघ्यावर हात ठेवून जोर काढावा लागतो. आणि पर्वती. लग्न होऊन आल्यापासून श्रावणात एकदा तरी पर्वती चढायच्या, गेली तीन वर्षं बंद. “१०३ पायऱ्या आहेत. आता खालूनच नमस्कार करते.”

मी फाइलवर पहिल्या ओळीत ‘पर्वती’ लिहिलं. बॉडी एज कुठंच लिहिलं नाही.

मग मशीनकडे वळलो. ते तळपायांतून अगदी बारीक वीजप्रवाह सोडतं. पाण्यातून तो सहज जातो, चरबीतून अडखळतो. किती अडखळला यावरून ते शरीरातलं पाणी आणि त्यावरून चरबी किती असेल याचा अंदाज बांधतं. चरबी ते वजन करून मोजत नाही. त्यामुळे अंगात पाणी कमी असलं की चरबी जास्त दाखवतं. काकूंना विचारलं, कोणत्या दिवशी गेला होतात? संकष्टी होती. सकाळी चार तास गॅसपुढं पोळ्या लाटलेल्या, घामानं भिजलेल्या, पोटात दोन कप चहा. तशाच दुपारी मशीनवर उभ्या राहिल्या.

आणि बॉडी एज हा तर अंदाजावरचा अंदाज. वजन, उंची, वय आणि तो चरबीचा आकडा कंपनीच्या सूत्रात घातला की बाहेर एक वय पडतं. दुसऱ्या कंपनीचं सूत्र दुसरं, म्हणजे वयही दुसरं. त्यात काकू खुर्चीतून कशा उठतात हे नाही आणि हातात किती जोर आहे हेही नाही. सासूबाईंच्या आजारपणाशी तर त्याचा काडीचाही संबंध नाही. हे मी त्यांना याच शब्दांत सांगितलं.

मला जास्त काळजी वाटली ती हिरव्या रकान्याची. पायरीच्या टेस्टमध्ये चढ-उतर थांबल्यावर नाडी जितकी कमी, तितका दमसास चांगला असं धरतात. काकूंची बसल्याजागची नाडी मी मोजली, ५८. रोज धावणाऱ्या माणसाची असते तशी. मी म्हटलं, “काकू, कसल्या गोळ्या चालू आहेत?” “बीपीची एक.” स्ट्रिप पर्समध्येच होती. मेटोप्रोलॉल.

ही गोळी हृदयाचे ठोके वाढू देत नाही, ते तिचं कामच आहे. माणूस धापा टाकत असला तरी नाडी शांत दिसते. म्हणजे तो ‘एक्सलंट’ शेरा काकूंच्या हृदयाला नव्हे, गोळीला मिळाला होता! ‘२२० वजा वय’ हे भिंतीवर लावलेलं नाडीचं सूत्रही अशा माणसाला लागू पडत नाही. एरवीसुद्धा ते दहा-बारा ठोक्यांनी सहज इकडेतिकडे होतं. सुरुवातीलाच विचारायचा प्रश्न तिथं कुणी विचारला नव्हता. मी काकूंना सांगितलं, गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करायची नाही. पुढच्या टेस्ट करायला हरकत नाही अशी त्यांची चिठ्ठी आणा, मग बघू. आणि चालताना नाडी मोजत बसू नका. बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये, इतपतच वेग ठेवायचा.

चिठ्ठी घेऊन काकू पुढच्या मंगळवारी आल्या, या वेळी एकट्याच. आधी हाताची पकड. डायनॅमोमीटर नावाचं मुठीत दाबायचं यंत्र असतं, त्यावर उजव्या हाताचा आकडा आला २६ किलो. आशियाई तज्ज्ञांच्या गटानं २०१९ मध्ये बायकांसाठी धोक्याची रेघ १८ किलोंच्या खाली आखली आहे. मी म्हटलं, “काकू, हे कशामुळे?” त्यांनी मनगटं पुढे केली. चाळीस वर्षं कणीक तिंबून कमावलेले हात. केंद्रात फूड प्रोसेसर आहे, पण त्यातल्या कणकेची पोळी फुगत नाही असं त्यांचं ठाम मत आहे.

मग खुर्ची. बिनहाताची, बसायची जागा साधारण १७ इंच उंच, पाठ भिंतीला टेकवलेली. हात छातीवर आडवे बांधायचे आणि ३० सेकंदांत पूर्ण उभं राहून पुन्हा बसायचं, किती वेळा होतं ते मोजायचं. तिसऱ्या वेळेलाच काकूंचे हात आपोआप मांड्यांवर यायला लागले. सहाव्याला त्या धपकन बसल्या. ३० सेकंदांत ९ झाल्या. या टेस्टच्या मूळ अमेरिकन तक्त्यात ६० ते ६४ वयाच्या बायकांसाठी १२ ते १७ हा पट्टा दिलाय. म्हणजे शंभर बायकांतल्या मधल्या पन्नासजणी त्यात येतात. काकू पट्ट्याच्या खाली.

सहा मिनिटांचं चालणं ३९५ मीटर. याची तुलना मी कुणाशीच केली नाही. ही टेस्ट ३० मीटरच्या सरळ पॅसेजमध्ये करायची असते आणि माझा पॅसेज आहे १५ मीटरचा. वळणं दुप्पट, म्हणून अंतर कमी भरतं. पुढच्या वेळी याच पॅसेजमध्ये काकू किती चालतात तेवढंच बघायचं. एका पायावर उभं राहण्याचं मी फक्त नोंदवून ठेवलं. एका पायावर उभं राहता येणं आणि आयुष्य यांचा संबंध जोडणाऱ्या ब्राझीलच्या एका अभ्यासाची बातमी २०२२ मध्ये व्हॉट्सॲपवर फिरली आणि निम्मं पुणं ओट्यापाशी एका पायावर उभं राहून आयुष्य मोजत होतं. तो फॉरवर्ड काकूंकडेही आलेला होता. “पुसून टाका,” म्हटलं.

निकाल सांगताना मी कागद समोर ठेवत नाही. आधी सांगितलं, “हात उत्तम आहेत. मांड्यांना जोर कमी पडतोय. पर्वती त्याच्यामुळे अडलीय, वयामुळे नाही.”

काकूंना ते पटेना. “असं कसं? मी तर दिवसभर उभीच असते की!”

हे मला जवळजवळ प्रत्येक बाई सांगते. शिक्षिका सांगतात, नर्स सांगतात, दुकानात उभ्या असणाऱ्या मुली सांगतात. मी काकूंना विचारलं, पोळीची कणीक नुसती परातीत ठेवून दिली तर मऊ होईल का? तिंबावी लागते. पायांचंही तसंच, उभं राहून ते दमतात, ताटकळतात, पण मांडीच्या स्नायूला जोर लावायची वेळच येत नाही. वजन खाली नेऊन परत वर उचलावं लागतं तेव्हा तो कामाला लागतो. आणि काकूंनी गेली तीनचार वर्षं नेमकं तेच टाळलं होतं. खाली बसणं बंद, जिने बंद, बाजारातून येताना लिफ्ट.

मग मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला. “घरी गेल्यावर मुलगा विचारेल, काय म्हणाल्या मॅडम? काय सांगाल?”

काकू म्हणाल्या, “हात चांगलेत, पाय गेलेत.”

हे ऐकलं की कळतं, आपलं सांगून झालं पण पोचलं नाही. मी पुन्हा सुरुवात केली. पाय गेलेले नाहीत. ९ वेळा उठलात ना? मग त्याच पायांनी पाच-पाच वेळा उठायचं, दिवसातून दोनदा, एक दिवसाआड. पहिला आठवडा हातांचा आधार घेतला तरी चालेल. पोळी फुगेपर्यंत ओट्याला धरून टाचा उचलायच्या. दुसऱ्या आठवड्यापासून बिल्डिंगचा एक मजला जिन्यानं. परत विचारलं, आता मुलाला काय सांगाल? थोडा विचार करून म्हणाल्या, “हातांना रोज काम मिळालं, पायांना मिळालं नाही. आता द्यायचंय.” हे मी फाइलवर त्यांच्याच शब्दांत लिहून घेतलं.

चरबीचा विषय मात्र मी सोडून दिला नाही. मशीन चुकलं म्हणजे सगळं ठीक, असंही नसतं. साधी टेप घेऊन कंबर मोजली, ८६ सेंटिमीटर. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० च्या आत हवी. “पण मी जाड कुठं दिसते?” खरंच दिसत नाहीत. त्यांना मी पुण्यातल्याच डॉ. चित्तरंजन याज्ञिकांची गोष्ट सांगितली. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि जॉन युडकिन या ब्रिटिश डॉक्टरांचा शेजारीशेजारी फोटो छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. आपण दिसायला बारीक, आतून चरबीवाले. काकूंना हे भलतंच आवडलं. डॉक्टरच असे, तर मग आमचं काय! त्या उत्साहातच एचबीए१सी ही रक्तातल्या साखरेची टेस्ट करून घेतली, ५.९ आली. म्हणजे डायबेटिस नाही, पण त्याच्या उंबऱ्यावर. ते आता त्यांचे डॉक्टर बघतायत.

आठ आठवड्यांनी तीच खुर्ची, तोच पॅसेज, सकाळची तीच वेळ. उठबस १२. नवाच्या दहा झाल्या असत्या तर मी काही बोलले नसते, एखादी उठबस तर झोप नीट झाली म्हणूनही वाढते. पण तीन वाढल्या होत्या, आणि हात एकदाही मांडीवर आले नाहीत. चालणं ४३० मीटर. पकड होती तेवढीच. वजन ६०० ग्रॅमनं उतरलं होतं. काकूंना त्याचंच जास्त कौतुक, तर मला समजवावं लागलं की तेवढं तर दोन पेले पाण्यानंही इकडंतिकडं होतं.

पर्वतीला श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी गेल्या. दोनदा थांबल्या, कठड्याला टेकून. “उतरताना जास्त भीती वाटली,” म्हणाल्या. ते बरोबरच आहे. उतरताना मांडीनं वजन धरून हळूहळू खाली सोडावं लागतं. त्यासाठी खुर्चीत बसताना चार आकडे मोजत बसायचं, असं नवीन काम दिलं.

दिवाळीच्या आधी एका दुपारी फोन आला. मागे जिमचं संगीत चालू होतं. एव्हाना ‘मॅडम’ जाऊन ‘अगं’ झालं होतं.

“अगं, मुलानं परत त्या मशीनवर चढवलं. या वेळी ७१ म्हणतंय! मी त्या पोराला विचारलं, अरे, मी खरंच तीन वर्षांनी लहान झाले, का आज पाणी पिऊन आलेय म्हणून?”

“मग? काय म्हणाला?”

“काही नाही. म्हणाला, आजी, सॉक्स काढून परत उभ्या राहा.”