गाळा घेण्याआधी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतचा खर्चाचा तक्ता दोन्ही नीट वाचले. गोरेगाव पूर्वेच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला १० बाय १२ फुटांचा गाळा, वडिलांच्या भविष्य निर्वाह निधीतली रक्कम, थोडे बँकेचे कर्ज आणि सहायक म्हणून दीड वर्षाचा अनुभव, एवढ्यावर रेकॉर्डिंग स्टुडिओ उघडावा का, असा तुझा प्रश्न आहे. माझे मत असे की, ध्वनिमुद्रणाची कामे आजपासून स्वतःच्या नावावर घ्यायला लाग, गाळा मात्र निदान वर्षभर घेऊ नकोस.

तक्त्यात माइक, प्रीअँप (माइकचा क्षीण संकेत वाढवणारे यंत्र) आणि मॉनिटर स्पीकर (मुद्रण तपासून ऐकायचे स्पीकर) यांची दोन पाने भरली आहेत आणि भिंतींसाठी एकच ओळ आहे : ‘साउंडप्रूफिंग, अंदाजे’. खरा धोका त्या ओळीत आहे. चांगला कंडेन्सर माइक दोन वर्षांनी विकायची वेळ आली तरी त्याचे बऱ्यापैकी पैसे हातात येतात. पण भाड्याच्या जागेत बांधलेली दुहेरी भिंत, उचललेली जमीन आणि जड दरवाजा विकता येत नाहीत. मुंबईत अशी जागा बहुधा ठरावीक मुदतीच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर मिळते, आणि मालकाने करार पुढे वाढवला नाही तर हे सारे तिथेच सोडून, वर जागा पूर्ववत करून देण्याचा खर्चही आपणच सोसायचा असतो. अनुभव कमी असलेल्या माणसाने जो पैसा परत काढता येईल तोच आधी घालावा, आणि जो येणार नाही तो अगदी शेवटी.

भिंतींचे काम ‘अंदाजे’ का होत नाही, हेही सांगतो. भिंतीला फोम चिकटवला की खोलीतला घुमारा कमी होतो, बाहेरचा आवाज आत येणे थांबत नाही. ते थांबवायला वजन, दोन थरांमधली हवेची पोकळी आणि फटी पूर्ण बुजवणे या तिन्ही गोष्टी लागतात. भिंतीचे वजन दुप्पट केले तरी साधारण ६ डेसिबलचाच फरक पडतो, आणि खालच्या पट्टीतला आवाज, म्हणजे ट्रकची घरघर किंवा लोकलची जमिनीतून येणारी धडधड, सर्वांत चिवट असतो. तू पाठवलेल्या फोटोत गाळ्याचे छत सिमेंटच्या पत्र्याचे दिसते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत त्या पत्र्यावर पडणाऱ्या पावसाचे काय करणार, याचा तक्त्यात उल्लेखच नाही. आत स्वतंत्र छत बांधलेस तर उंची जाईल. खोली हवाबंद केलीस की आणखी एक अडचण उभी राहते : स्प्लिट एसी आतलीच हवा थंड करीत राहतो, ताजी हवा आणत नाही, त्यामुळे तासाभरात गायकाचा जीव गुदमरू लागतो. आवाज न येता ताजी हवा यावी म्हणून आतून अस्तर लावलेली, वळणे घेत येणारी वाहिनी लागते, आणि तीही जागा खाते.

मापांचेही तसेच. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर धरला तर १० फुटांच्या रुंदीत ५७ हर्ट्झच्या आसपासचा सूर फुगतो, म्हणजे समोरासमोरच्या भिंतींवर आपटून आहे त्याहून मोठा ऐकू येतो; १२ फुटांच्या लांबीत ४७ च्या आसपासचा. छताची उंचीही १० फूटच निघाली, तर एकाच सुरावर दोन फुगवटे येतील. अशा खोलीत तू ढोलकीचा धुमा (खर्जाची बाजू) किंवा बास गिटार ‘बरोबर’ ऐकून मिक्स करशील आणि तेच गाणे बाहेर पोकळ वाजेल. महागडे स्पीकर हा दोष काढत नाहीत. कोपऱ्यांत रॉकवूलचे (आवाज शोषणाऱ्या दगडी लोकरीचे) जाड पॅनेल लावून तो कमी होतो, म्हणजे पुन्हा जागाच जाते.

आता हिशेब. भाडे ४०,००० रुपये, कर्जाचा हप्ता ३०,०००, मदतनीस १८,००० आणि वीज-दुरुस्ती १२,००० असे तूच लिहिले आहेस. महिन्याला एक लाख झाले. तासाला ८०० रुपये दर धरला तर १२५ तास विकले गेले पाहिजेत, म्हणजे महिन्याचे २५ दिवस रोज पाच तास, आणि त्यात तुझा स्वतःचा एक रुपयाही नाही. संपादनात जाणारे तास कोणी मोजून देत नाही, हे वेगळेच. आज तुझ्या ओळखीवर महिन्याला किती तास येतील, याचा आकडा पत्रात कुठेच सापडला नाही.

एकेकाळी ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये किंवा वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओमध्ये गायक आणि सारा वाद्यवृंद एकत्र बसून गाणे मुद्रित करीत, म्हणून मोठ्या दालनाला मोल होते. आज संगीतकार बहुतेक काम घरच्या संगणकावर उरकतो आणि गायक एकटा येऊन गातो. गिऱ्हाईक पैसे मोजते ते शांततेला आणि ऐकणाऱ्याच्या कानाला. त्यातही मला तुझ्यासाठी संगीतापेक्षा आवाजाचे काम अधिक योग्य वाटते : डबिंग, जाहिराती, पॉडकास्ट, श्राव्य पुस्तके. तुझे मराठी उच्चार स्वच्छ आहेत आणि चुकीचा उच्चार तुला लगेच खटकतो. ही गोष्ट कोणत्याही प्रीअँपपेक्षा दुर्मिळ आहे. ऑडिबल या श्राव्य पुस्तकांच्या सेवेसाठी पुस्तक ध्वनिमुद्रित करायचे तर, मुद्रणाची कमाल पातळी शून्य धरून, पार्श्वभूमीचा आवाज उणे ६० डेसिबलच्या खाली असावा लागतो, आणि ही पातळी लहानशा, नीट बांधलेल्या बूथमध्ये गाठता येते. असा बूथ सुटा करून दुसरीकडे नेता येतो.

म्हणून वर्षभर असे कर. गिऱ्हाईक तुझे आणि खोली दुसऱ्याची, या पद्धतीने अंधेरी-वर्सोव्यातले स्टुडिओ तासाच्या भाड्याने घे आणि त्यावर आपली मजुरी लाव. सहायक असताना माइक कसा लावतात हे तू शिकलास; परंतु दर कसा सांगायचा, थकलेल्या गायकाला कधी थांबवायचे, एसीच्या हवेत तबल्याचा सूर सरकला की तालवादकाला न दुखवता ते कसे सांगायचे, हे जबाबदारी अंगावर आल्याशिवाय कळत नाही. प्रत्येक कामाचे विकलेले तास, संपादनाचे तास आणि पैसे किती दिवसांनी आले, हे वहीत लिही. सलग सहा महिने ७० तासांच्या वर काम आले, तर जागेचा विचार करू.

कागदपत्रांची धास्ती घेऊ नकोस. एकदोनच कामगार असतील तर दुकाने व आस्थापना कायद्याखाली ऑनलाइन सूचना पुरते, आणि सेवा व्यवसायाला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे गेल्यावर जीएसटीची नोंदणी साधारणपणे लागते.

वडिलांच्या पैशांबद्दल मी स्पष्ट लिहितो. माइक, इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारे यंत्र) आणि हेडफोन यांपुरते त्यांच्याकडून घे. भिंतींसाठी घेऊ नकोस, त्यांनी स्वतःहून दिले तरी. मित्र भागीदार व्हायला तयार आहे म्हणतोस, तर पहिली खरेदी होण्याआधी करारनामा करा आणि वेगळे झालात तर कोणती वस्तू कोणाकडे जाईल, हे त्यात नावानिशी लिहा. गाळ्याच्या मालकाला टोकन द्यायचे या रविवारी ठरले आहे ना? त्याला उद्याच फोन करून नम्रपणे नकार कळव.

तुझा,
काका