तीन वर्षांची वर्गणी एकदम भरू नका

प्रश्न : आई ७१ वर्षांची आहे. गेल्या वर्षी सौम्य डिमेन्शियाचं निदान झालं. अजून ती एकटी फिरायला आणि वाचनालयात जाते, पण दोनदा परतीची वाट चुकली. मनगटावर थरथरून कुठे वळायचं ते सुचवणारं, नकाशाच्या ॲपला जोडलेलं एक घड्याळ मी पाहिलं आहे. ३ वर्षांची वर्गणी एकदम भरली तर तिच्यावर २५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी आईची मुदत ठेव मोडावी लागेल. भाऊ म्हणतो, फोनमधला फुकटचा नकाशा पुरे आहे. काय करावं?

उत्तर : घड्याळ वापरून बघायला माझी हरकत नाही. वर्गणी मात्र महिन्याच्या महिन्याला भरा, सवलत सोडून द्यावी लागली तरी, आणि ठेव आहे तिथेच राहू द्या.

सवलतीचा हिशेब करून बघा. ३६ महिन्यांवर २५ टक्के सूट म्हणजे २७ महिन्यांचे पैसे आजच द्यायचे. आईंनी घड्याळ पूर्ण २७ महिने वापरलं तेव्हा कुठे बरोबरी होणार. १८व्या महिन्यात ते कपाटात जाऊन पडलं तर ९ महिन्यांची वर्गणी गेली, शिवाय ठेव मुदतीआधी मोडल्याचा दंड आणि बुडालेलं व्याज वेगळं. तुम्ही-आम्ही वापरणार असतो तर मी फारशी कुरकुर केली नसती. इथे गरजच बदलत जाणार आहे आणि ती नेमकी कोणत्या महिन्यात बदलेल, हे डॉक्टरही छातीठोकपणे सांगणार नाहीत.

वाट दाखवणारं साधन आणि माणूस कुठे आहे ते घरच्यांना कळवणारं साधन, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. जाहिरातीत त्या एकत्र मांडलेल्या असतात. पहिल्यात आईंना खूण ओळखायची, तिचा अर्थ लावायचा आणि त्याप्रमाणे वळायचं असतं. दुसऱ्यात त्यांनी घड्याळ फक्त हातात घालायचं असतं. आज पहिल्याचा उपयोग आहे, पुढे दुसऱ्याचा होईल, आणि त्यानंतर सोबत माणूसच लागेल. डिमेन्शियाचं कारण अल्झायमर असेल तर हे आणखी खरं. मेंदूत जागेची जाण ठेवणाऱ्या पेशींच्या शोधासाठी २०१४ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल दिलं गेलं, आणि त्या पेशी ज्या भागांत असतात, हिप्पोकॅम्पस आणि त्याला लागून असलेला एन्टोरायनल कॉर्टेक्स, त्यांनाच अल्झायमरचा फटका अगदी सुरुवातीला बसतो. म्हणून वाट लवकर चुकते. नवं यंत्र शिकणंही दिवसेंदिवस जड जातं. तेव्हा घ्यायचंच तर लवकर घ्या.

भावाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. आई फोन आधीपासून सहज वापरत असतील तर सवयीचा फोन नव्या घड्याळापेक्षा बरा. फोनच्या नकाशात घराचा पत्ता साठवता येतो, पायी जायचा रस्ता बोलून सांगितला जातो, घरच्यांना ठिकाण दाखवता येतं, आणि हे सगळं फुकट. पण 'दोनशे मीटरवर डावीकडे' ही सूचना अनेकांना पचत नाही, 'शाळेच्या फाटकापाशी वळा' ही पचते. चालताना, त्यातून रस्ता ओलांडताना पडद्याकडे बघणं या वयात धोक्याचं. मनगटावरच्या थरथरीचा खरा फायदा तिथेच आहे. उंच इमारतींच्या मधे आणि इमारतींच्या आत मात्र उपग्रहाचा संकेत दोघांनाही दगा देतो. (किल्ल्यांना लावायच्या स्वस्त टॅगवर भिस्त ठेवू नका. त्यांतल्या बहुतेकांत जीपीएस नसतो, आसपास कुणाचा तरी फोन असेल तेव्हाच त्यांचा ठावठिकाणा कळतो. निर्जन रस्त्यावर काही उपयोग नाही.)

पहिला महिना चाचणीचा धरा. नेहमीचे दोनच रस्ते निवडा, ठरलेल्या वेळी कुणीतरी बरोबर चाला. सतत ठिकाण कळवणाऱ्या घड्याळाची बॅटरी बहुधा दिवस-दोन दिवसच टिकते, म्हणून चार्जिंग कोण करणार ते आधीच ठरवा. हे न ठरवल्यामुळे पडून राहिलेली घड्याळं मी पाहिली आहेत. आणि आईंना विचारा. पैसे त्यांचे आहेत, आपण कुठे आहोत हे मुलांना सतत दिसावं का, हेही त्यांनीच ठरवायचं. आज त्या ते ठरवू शकतात.

मुदत ठेव खरी उपयोगी पडेल ती रोज काही तास सोबत करणारा माणूस ठेवायची वेळ येईल तेव्हा. तो खर्च घड्याळाच्या कितीतरी पट असतो आणि वर्षानुवर्षं चालतो. ठेवीची मुदत संपली की ती एकरकमी पुन्हा गुंतवू नका. वेगवेगळ्या मुदतींच्या लहान ठेवी करा, म्हणजे अडीनडीला एकच मोडावी लागेल. घड्याळाची वर्गणी महिन्याच्या उत्पन्नातून जाऊ द्या. तेवढी झेपत नसेल तर सध्या फोनवरच भागवा.

घड्याळापेक्षा घाईचं काम कागदपत्रांचं आहे. नामांकन, संयुक्त खातं, मृत्युपत्र, मुखत्यारपत्र हे सगळं आईंना नीट समजतंय आणि त्या स्वतः सही करू शकतात तोवरच करा. साधं मुखत्यारपत्र पुष्कळ ठिकाणी, देणाऱ्याची निर्णयक्षमता गेली की निरुपयोगी ठरतं. तुमच्याकडे पर्याय काय आहे ते वकिलाला याच महिन्यात विचारा.

विक्रेत्याकडून तीन गोष्टी लेखी घ्या. घड्याळ कोणत्या मोबाइल नेटवर्कवर चालतं, कारण अनेक देशांत २जी आणि ३जी बंद झाली आहेत किंवा होत आहेत. वर्गणी मधेच थांबवली तर पैसे परत मिळतात का. आणि पुढे वाट दाखवण्याची सोय बंद करून नुसतं ठिकाण कळवण्याची कमी वर्गणी लावता येते का. या तिसऱ्याचं उत्तर 'हो' आलं, तर फोनपेक्षा घड्याळाला पैसे मोजणं मला पटेल.