जुन्या शास्त्रीय संगीताच्या एल.पी. आणि सीडी विकत घ्याव्यात, की डाउनलोड पुरेसे आहे?

‘आता सगळे ऑनलाइन मिळते, मग घरात अडगळ कशाला?’ असे तुम्ही विचारले आहे. हेच वाक्य मी आमच्या दादाच्या तोंडून इतक्या वेळा ऐकले आहे की उत्तर दिल्यावाचून राहवत नाही. आमची चाळ पुनर्विकासाला गेली, तेव्हा वडिलांनी हौसेने जमवलेल्या एल.पी. (मोठ्या काळ्या तबकड्या) आणि कॅसेटी याच वाक्याच्या जोरावर त्याने भंगारवाल्याला देऊन टाकल्या.

त्यांतील एका ख्यालगायनाच्या एल.पी.च्या पाठीमागे तबला, हार्मोनियम आणि तानपुऱ्याच्या साथीदारांची नावे छापलेली होती, आणि कोपऱ्यात वडिलांनी शाईने खरेदीची तारीख लिहिली होती. पुढे तेच ध्वनिमुद्रण मी पैसे भरून डाउनलोड केले. तेव्हा विलंबित (संथ) आणि द्रुत (जलद) यांचे दोन वेगळे ट्रॅक केलेले निघाले, त्यामुळे तबलजी तीनताल धरणार नेमक्या त्या जागी गाणे तुटून शांतता पसरते. पूरिया धनाश्री रागाचा नुसता ‘पूरिया’, म्हणजे दुसराच राग, झाला होता, आणि साथीदार तर कोणी नव्हतेच. शिवाय फायलींना डीआरएमचे, म्हणजे दुकानाच्या सर्व्हरकडून परवाना मिळाल्याशिवाय गाणे वाजू न देणारे, कुलूप होते. ते ऑनलाइन दुकान बंद पडले, मी संगणक बदलला, आणि फायली डोळ्यांसमोर असूनही वाजेनाशा झाल्या. ‘दुसरीकडून घे,’ हे दादाचे त्यावरचे उत्तर. एकाच गाण्याचे दोनदा पैसे मोजायचे असतील, तर त्याला मी खरेदी म्हणत नाही, भाडे म्हणतो. हे काही माझ्याच नशिबी आले असे नाही. 2008 मध्ये याहूने आपले संगीताचे दुकान गुंडाळताना परवाने देणारे सर्व्हरही बंद करण्याचे जाहीर केले होते. ऍपलने विक्रीला ठेवलेल्या सगळ्या गाण्यांवरचे कुलूप काढले ते 2009 मध्ये.

एल.पी.चा आवाज ‘उबदार’ असतो, या म्हणण्यावर मात्र माझा विश्वास नाही. सीडीवर आवाजाची सेकंदाला 44,100 मोजमापे (नमुने) असतात, आणि मूळ टेपवरून काळजीपूर्वक केलेली सीडी झिजलेल्या एल.पी.पेक्षा स्वच्छच वाजते. एल.पी. घ्यायची ती वेष्टनावरच्या मजकुरासाठी, आणि एका बाजूच्या वीस-बावीस मिनिटांत गायकाने राग कसा बसवला आहे, ते सलग ऐकण्यासाठी. गाणे शिकणाऱ्याने तर ती घ्यावीच.

मुंबई-कोकणातल्या पावसाळी हवेत कॅसेटच्या फितीला बुरशी धरते, आणि लाखेची, मिनिटाला 78 फेऱ्यांची जुनी तबकडी हातातून सुटली की संपली, हेही खरे आहे. म्हणून सीडीवरून फ्लॅकमध्ये (आवाजातले काहीही न गमावणाऱ्या फाइल-प्रकारात) प्रत काढून ती दोन वेगळ्या डिस्कवर ठेवावी. कुलूप नसलेली फ्लॅक फाइल विकत मिळत असेल, तर तीही तुमचीच. तिला माझा विरोध नाही. पण घरातले कोणी ‘फोनवर आहे सगळे’ म्हणत खोकी उचलू लागले, तर त्याला आधी त्याच फोनवर त्या खोक्यांतल्या एखाद्या एल.पी.वरच्या हार्मोनियमवादकाचे नाव शोधून दाखवायला सांगा. आमच्या दादाला ते अजून सापडलेले नाही.