शेपटीला काठी असलेलं ते विमान

प्रश्न: मी वेंगुर्ल्याचा. साधारण ८५-८६ साली आम्ही पोरं रापणीचं मोठं जाळं ओढायला हात लावायचो तेव्हा समुद्रावरून चार पंख्यांचं एक जाडजूड विमान अगदी खालून जायचं, मागे शेपटीला लांब काठी लावल्यासारखी. बाबा म्हणायचे, ‘ता बघ, रशियन इमान!’ हल्ली ते दिसत नाही. कुठलं होतं ते आणि एवढ्या खालून का जायचं?
– एक वाचक

उत्तर: बाबांचं बरोबर होतं, रशियनच ते. वर्णनावरून ते आयएल-३८, नौदलाच्या ३१५ नंबरच्या स्क्वाड्रनचं, म्हणजे विमानांच्या तुकडीचं. ही स्क्वाड्रन १ ऑक्टोबर १९७७ ला सुरू झाली, मुक्काम गोव्यात दाबोळीला, आयएनएस हंसा या नौदलाच्या विमानतळावर, म्हणजे तुमच्यापासून काही फार लांब नाही.

त्याआधी समुद्रावर लांबवर नजर ठेवायचं काम एअरफोर्सकडे होतं, आणि विमानं कुठली तर एअर इंडियाने वापरून झालेली सुपर कॉन्स्टेलेशन! १९७६ मध्ये ती जबाबदारी विमानांसकट नौदलाकडे आली आणि वर्षभरात ही आयएल-३८ आली. हे पण मूळचं आयएल-१८ नावाचं पॅसेंजर विमानच, त्याचं पाणबुडी शोधायचं विमान केलेलं, नाकाखाली रडारचा मोठा फुगा.

आता ती काठी. पाणबुडी म्हणजे शेकडो टन लोखंड, त्यामुळे तिथल्या चुंबकीय क्षेत्रात थोडासा फरक पडतो आणि तो पकडणारं यंत्र त्या काठीत असतं, विमानाच्या स्वतःच्या लोखंडाचा आणि वायरींचा त्रास नको म्हणून मागे लांब काढलेलं. पण अंतर वाढलं की तो फरक झपाट्याने कमी होतो, म्हणून खालून उडावं लागतं. दुसरं साधन सोनोबॉय. आपल्या जाळ्याला बोया असतो ना, तसाच तरंगणारा, पण खाली वायरीला माइक लोंबतो, पाण्यातला आवाज ऐकतो आणि रेडिओवरून वर विमानात पाठवतो, तिथे माणूस कानाला हेडफोन लावून तासन्‌तास बसलेला. मला या कामातलं सगळ्यात अवघड हेच वाटतं, कारण बहुतेक वेळा काहीच सापडत नाही तरी लक्ष ढळू द्यायचं नाही.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १ ऑक्टोबर २००२, स्क्वाड्रनला बरोब्बर २५ वर्षं झाली त्याच दिवशी यांची दोन विमानं गोव्यावर उडताना हवेत एकमेकांवर आदळली. नौदलाचे १२ जण गेले, खाली जमिनीवरची माणसंही गेली. रौप्यमहोत्सवाचा दिवस होता हो. स्क्वाड्रनकडे सगळी मिळून पाच विमानं, त्यातली दोन एका दिवसात संपली. तरी काम थांबलं नाही, नंतर रशियाकडून बदली विमानं आली, जुन्यांत नवीन यंत्रणा बसवली आणि ३१ ऑक्टोबर २०२३ ला दाबोळीलाच आयएल-३८ निवृत्त झालं. म्हणून दिसत नाही.

आता ते काम पी-८आय करतं, बोइंग ७३७ वर बनवलेलं जेट, गोव्यातली त्याची स्क्वाड्रन मार्च २०२२ ची. पंखे नाहीत, राखाडी रंग, दोनच इंजिनं. पण शेपटी नीट बघा, आपल्या नौदलाने या विमानातही ते चुंबकीय यंत्र मागून घेतलंय, अमेरिकेने स्वतःच्या पी-८ मध्ये ते ठेवलेलं नाही. बाबा असतील तर त्यांना जरूर सांगा, काठी आहे अजून, फक्त आखूड झालीय.