गायरान बोडकं झालं, दोष शेळीचाच का?

प्रश्न : आमच्या गावच्या (ता. माण) गायरानात माझ्या लहानपणी दिवाळीला गुडघ्याच्या वर गवत असायचं. आता नुसता मुरूम दिसतो. ग्रामसभेत चराईबंदीचा ठराव येतोय. माझ्या चौदा शेळ्या आहेत. आजोबांच्या साठ होत्या, तेव्हा कुठं माती वाहून गेली? मग खापर शेळीच्या माथी का?
– एक शेळीपालक

उत्तर : आजोबांचा हिशेब तुम्ही अर्धाच सांगितलात. त्यांच्या साठ शेळ्या बाराही महिने त्याच माळावर असायच्या का, हे घरातल्या जुन्या माणसांना विचारा. तुमच्या भागातले कितीतरी मेंढके दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जात. तेवढे दिवस माळाला उसंत मिळे. आता गावातली सगळी जनावरं रोज तिथंच, आणि जूनमध्ये कोवळा कोंब वर आला की लगेच तोंड.

मृदसंधारणाच्या कामात माझी उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे माळ बघताना माझी नजर आधी गवताच्या जातीवर जाते. पवन्या, मारवेल ही गवतं बी धरण्याआधीच खाल्ली गेली की दोन-चार वर्षांत मागं पडतात. (नातवाला ही नावं सांगितली, तर त्याला ती माणसांची वाटली.) त्यांच्या जागी कुसळी येते, मग तरवड. तरवडाला जनावर तोंड लावत नाही, म्हणून तेवढाच हिरवा उरतो. तुमच्याकडे तरवड माजला असेल, तर माळ कधीचाच थकलाय.

पुढचं काम खुरांचं. उन्हाळ्यात खुरांनी मातीची भुकटी होते, ओल्यात तीच माती ओट्यासारखी दाबली जाते. पाणी मुरायला जागाच राहत नाही. त्यात वळवाचा टपोरा थेंब उघड्या जमिनीवर आदळतो, कण सुटतात आणि गढूळ पाणी उताराला लागतं. पाणवठ्याकडं उभी उतरणारी जनावरांची वाट बघा, पहिला ओघळ बहुधा तिथंच पडतो.

किती माती जाते, हे तुम्हीच मोजा. मे महिन्यात उतारावर पाच-सहा लांब खिळे डोकं जमिनीला टेकेपर्यंत ठोका. दसऱ्याला डोकं मातीच्या किती वर आलं ते बघा. एक मिलिमीटर म्हणजे किरकोळ वाटेल, पण हेक्टरी ती 10 घनमीटर, म्हणजे जवळपास साडेतीन ब्रास माती झाली. विकत आणायला गेलात की कळेल.

ठरावाबद्दल. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजारनं चराईबंदी पाळली, पण गवत विळ्यानं कापून न्यायची मोकळीक असली तरच अशी बंदी टिकते. नुसतं ‘बंद’ म्हटलं, तर रात्री शेळ्या सोडल्या जातात, मी पाहिलंय. शिवाय ज्याला शेत नाही, त्याच्यावर हा सरळ अन्याय आहे. म्हणून विरोध करू नका, दुरुस्ती सुचवा : गायरानाचे तीन तुकडे करायचे. एक तुकडा दोन पावसाळे पूर्ण बंद ठेवून त्यात समतल चर (उताराला आडवे, एका पातळीत खणलेले) काढायचे, मारवेल आणि स्टायलो या शेंगवर्गीय चाऱ्याचं बी टाकायचं. दसऱ्यानंतर तिथलं गवत कापून न्यायचं, त्यात पहिला वाटा भूमिहीनांचा. उरलेल्या दोन तुकड्यांत चराई, पण पहिल्या पावसानंतर दीड-दोन महिने तिथंही नाही. तेवढ्या दिवसांसाठी बांधावर शेवरी, हादगा आत्ताच लावून ठेवा. चौदा शेळ्यांना पाल्याची सोय आधी हवी, ठराव नंतर.