आईचं आडनाव वेगळं कसं?

प्रश्न : ताई, माझी लेक एडिंबराला असते. गेल्या खेपेला तिने एका जुन्या स्कॉटिश सँपलरचा, म्हणजे टाके शिकताना भरलेल्या नमुन्याच्या कापडाचा, चार्ट (चौकटींवर काढलेला फुल्यांचा नकाशा) आणला. १८३०च्या सुमाराला कुण्या शाळकरी मुलीने भरलेल्या कापडावरून तो हुबेहूब उतरवलाय. वर लाल-हिरव्या वळणदार एबीसीडीच्या ओळी, खाली मोर, मोठं घर, हरणं आणि मधल्या जागेत दोन-दोन अक्षरांच्या जोड्या. त्यातल्या पहिल्या दोन आई-वडिलांच्या, असं लेक सांगते. पण वडील जे. आर. आणि आई एम. के.! काही जोड्या काळ्या आहेत. चार्टच चुकलाय का? आणि त्या जागी आमच्या घरच्यांची अक्षरं घातली तर चालेल? कापड कोणतं घेऊ? मी आजवर दोसुतीवर टेबलक्लॉथच भरलेत.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : चार्ट बरोबर आहे. आईचं अक्षर वेगळं, हीच तर कापड स्कॉटिश घरातलं असल्याची खूण. तिकडे लग्नानंतरही बाईचं माहेरचं आडनाव पुसलं जात नसे. चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत, थडग्याच्या दगडावर ती माहेरच्याच आडनावाने सापडते. म्हणजे आर वडिलांचं, के आईच्या माहेरचं. आपल्याकडे आडनाव तर जायचंच, वर ताटातल्या तांदळांत अंगठीने नवं नाव कोरून पहिलंही बदलायचे. माझ्या आजीचं माहेरचं नाव मला कळलं ते तिच्या तेराव्याला. त्यामुळे ती दोन अक्षरं भरताना माझा हात आपोआप सावकाश चालतो.

इतर ठिकाणच्या मुली सँपलरवर बहुधा स्वतःचं नाव, वय आणि एखादं धार्मिक कडवं भरत. स्कॉटलंडच्या पोरींनी मात्र अख्खं घर कापडावर आणून बसवलं : आई-वडील, भावंडं, आजी-आजोबा, कधी काका-मावश्यासुद्धा. काळ्या दोऱ्यातली अक्षरं बहुधा घरातल्या गेलेल्या माणसांची. तेव्हा काळी लडी संपली म्हणून गडद निळ्यावर भागवू नका. कुठे एमला लागून लहान, वर चढवलेला सी दिसला, तर ते मॅकने सुरू होणारं आडनाव समजा.

या अक्षरांवरून मूळ मुलीचा माग काढता येतो. स्कॉटलंडमध्ये १ जानेवारी १८५५पासून जन्म-मृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली आणि मृत्यूच्या नोंदीत आई-वडील दोघांची नावं घालत, आईचं माहेरच्या आडनावासकट. म्हणजे १८३०ला दहा वर्षांची असलेली मुलगी म्हातारी होऊन वारली, तरी तिच्या मृत्यूच्या नोंदीतल्या आई-वडिलांची आद्याक्षरं कापडावरच्या अक्षरांशी ताडून बघता येतात. अमेरिकन संग्राहक लेस्ली डर्स्ट यांच्याकडच्या अशा सँपलरांचं प्रदर्शन २०१८-१९मध्ये एडिंबराच्या राष्ट्रीय संग्रहालयात भरलं होतं. त्यासाठी कितीतरी मुलींची घरंदारं अशीच शोधली होती. लेकीला सांगा, जुन्या नोंदींची कचेरी तिच्या गावातच आहे.

आता तुमची अक्षरं घालण्याबद्दल. मी घालणार नाही. मोर, हरणं, ते थोरलं घर हे सगळं बाईंनी शाळेत गिरवायला दिलेलं. घर बघून मुलगी वाड्यात राहत होती असं समजू नका. एबीसीडी आणि आकडे तर निव्वळ कामाचे : पुढे घरच्या चादरी-टॉवेलांवर खुणा घालता याव्यात म्हणून. आपला धोबी काळ्या शाईने घालायचा तीच खूण, फक्त सुईने. त्या सगळ्या कापडात पोरीचं स्वतःचं असं काही असेल तर या जोड्याच. त्याच उसवायच्या, तर मग उरलं काय? तुमच्या घरच्यांसाठी याच मांडणीवर दुसरं कापड भरा की. आणि त्यात स्वतःचं अक्षर माहेरचं घाला, माझा आग्रहच समजा.

मात्र खालच्या वेलपट्टीत, मोराच्या पायाशी वगैरे, तुमची आद्याक्षरं आणि चालू साल बारीक अक्षरांत जरूर भरा. पन्नास वर्षांनी कुणी ते जुनं अस्सल म्हणून विकायला नको.

कापडाचं गणित सोपं आहे. इंचभर कापडात टाचणीने धागे मोजायचे. प्रत्येक फुली दोन धाग्यांवर पडते, म्हणून आकडा निम्मा करायचा. इंचाला ४० धाग्यांचं लिनन असेल तर इंचात २० फुल्या. समजा चार्ट २२० फुल्या रुंद, २६० उंच. तर भरकाम ११ इंच बाय १३ इंच. तेच २८ धाग्यांच्या लिननवर सुमारे पावणेसोळा बाय साडेअठरा होतं. चारही बाजूंनी तीन-तीन इंच जास्त घ्या. फ्रेमवाला कापड ताणून बसवतो तेव्हा ते लागतं. दोसुतीची सवय असेल तर सरळ ४०च्या वाटेला जाऊ नका, २८वर सुरुवात करा. २८वर सहापदरी दोऱ्याचे दोन पदर, ४०वर एकच. आणि वरचा टाका सगळीकडे एकाच दिशेला झुकलेला हवा. टेबलक्लॉथवर खपतं, इथे उजेड पडला की लगेच दिसतं.

किनार आधी पुरी करू नये, असं पुस्तकातून सांगतात. मी मात्र एक बाजू आधी भरते आणि दर दहा फुल्यांवर पांढऱ्या दोऱ्याने खूण घालते. एकदा खूण घातली नाही. स्ट्रॉबेरीची वेल तीन आठवडे भरली आणि चौथ्या कोपऱ्यात ती एका धाग्याने हुकली. उसवलं. मग चार्ट नीट बघितला तर मूळ मुलीचीही वेल त्याच कोपऱ्यात हुकलेली! तिने अर्धं पान कापून जागा भागवली होती. मीही मग तेच केलं.

प्रश्न : जुन्या सँपलरच्या चार्टमध्ये लिहिलेला हिरवा रंग निळसर दिसतो. झाडं निळी भरायची का?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : त्या काळी हिरवा रंग दोनदा बुडवून काढत : एकदा पिवळ्यात, एकदा निळीत. उन्हाने पिवळा आधी उडतो, नीळ टिकते. म्हणून दोनशे वर्षांनी झाडं निळी. कापड उलटं केलं तर पाठीला बऱ्याचदा खरा हिरवा सापडतो. आजचं कापड जसं दिसतं तसं हवं तर निळसर भरा, पोरीने भरलं तसं हवं तर हिरवं. मला हिरवंच आवडतं. पण लाल लडी मात्र भरण्याआधी ओल्या पांढऱ्या फडक्यावर चोळून बघा. भरल्यावर रंग फुटलाच तर कापड वाळू देऊ नका, गार पाणी बदलत राहा आणि डाग पुरता जाईपर्यंत इस्त्री लांब ठेवा.