मुंबईत मैद्याचे ताजे, मऊ टॉर्टिया कुठे मिळतील?

पाकिटातले टॉर्टिया घडी घालताच फाटतात, ताजे कुठे मिळतील, असं तुम्ही विचारलंय. माझं ऐकाल तर सुपरमार्केट सोडा आणि घराजवळचं पोळी-भाजी केंद्र गाठा. दादर, गिरगाव, पार्ले, ठाणे, डोंबिवली, कुठेही राहात असाल तरी एखादं सापडेलच. गव्हाचा टॉर्टिया म्हणजे भरपूर मोहन घातलेली, कोरड्या तव्यावर भाजलेली मैद्याची पोळी. रोज शेकड्याने पोळ्या लाटणाऱ्या हातांना तो अवघड नाही, फक्त माप आणि पद्धत नेमकी सांगावी लागते. सकाळी डब्यांची घाई असते, म्हणून आदल्या दिवशी सांगून संध्याकाळी घ्यायला जा.

अर्धा किलो मैद्याला १०० ग्रॅम वनस्पती तूप, १० ग्रॅम मीठ आणि साधारण २६० मिली गरम पाणी. यात ८ इंची १८ नग होतात. मेक्सिकोच्या उत्तरेला, सोनोराकडे, डुकराची चरबी घालतात. वनस्पती तिच्या बरंच जवळ जातं. साजूक तूप चालतं, पण वास पुढे येतो. लोणी घेतलंत तर त्यातही पाणी असतं, तेवढं वरचं पाणी कमी करा. पावसाळ्यात मैदा मुळातच दमट असतो, तेव्हा शेवटचं १०-१५ मिली पाणी अंदाज घेऊनच घाला. गिरणीतून दळलेली कणीक वापरू नका: कोंडा पिठाची ताण तोडतो, पाणीही जास्त पितो, आणि शेवटी चपातीच होते.

मोहन मैद्याला इतकं चोळायचं की मूठ दाबली तर मुटका वळला पाहिजे. पाणी हाताला चटका बसेल इतकं गरम हवं. थंड पाण्याने पीठ चिवट होतं, लाटताना मागे सरकतं आणि टॉर्टिया वातड होतो. मळून झालं की गोळे करून ओल्या फडक्याखाली किमान अर्धा तास ठेवायचे. तरीही पोळी आखडत असेल तर आणखी दहा मिनिटं थांबा, जोर लावू नका.

केंद्रातल्या ताईंना चार गोष्टी आवर्जून सांगा, कारण त्या त्यांच्या सवयीच्या उलट आहेत. घडी घालून लाटू नका. पिठी अगदी कमी लावा; जास्तीची पिठी तव्यावर जळते आणि कडवट लागते. तव्यावर तेल नको. आणि फुलक्यासारखं थेट आचेवर फुगवू नका, त्याने ओल उडून जाते. जाड लोखंडी तवा चांगला तापला की पहिली बाजू ३०-४० सेकंद, फुगे दिसताच उलटून २०-३० सेकंद, बस्स. तपकिरी ठिपके पडले पाहिजेत, पण मधला भाग पांढराच राहायला हवा. तवा मंद असला की दोन-दोन मिनिटं भाजत बसावं लागतं आणि हातात खाकरा येतो.

उतरवलेला प्रत्येक टॉर्टिया लगेच फडक्यात, एकावर एक, आणि वर झाकण. ही दहा मिनिटं सोडू नका. आतल्या वाफेनेच कडा मऊ होतात. उघड्यावर गार केलेला टॉर्टिया दुमडला की मधोमध चिरतो.

रुमाली रोटीचा पर्याय बरेच जण सुचवतात. गरम असताना ती छान असते, पण थोड्या वेळात कागदासारखी होते, बरिटोचं, म्हणजे भरपूर सारण भरून गुंडाळलेल्या टॉर्टियाचं, ओझं तिला पेलत नाही. फ्रँकीची रोटी त्या मानाने बरी. गाडीवाला ओळखीचा असेल तर अंड्याशिवायची, कमी तेलातली मागून बघा.

पाकीटच घ्यायचं असेल तर पॅकिंगची तारीख बघा आणि पाकीट हलकेच वाकवा. दुमडीवर पांढरी रेघ उमटली तर परत ठेवा.

ताजे टॉर्टिया डब्यात दीड-दोन दिवस राहतात. खालच्या फ्रिजमध्ये ठेवू नका, तिथे ते सर्वात लवकर शिळे आणि कडक होतात. मध्ये बटर पेपर घालून फ्रीझरमध्ये ठेवा, महिनाभर टिकतील. खाताना तापल्या तव्यावर प्रत्येक बाजू १५ सेकंद, आणि पुन्हा फडक्यात.